गादीमागची भिंत

१

असं समजा, की एके सकाळी तुमच्या अंगणात एक पांढरा लोखंडी खोका येऊन बसला आहे. केवढा? तुमच्या झोपायच्या खोलीएवढा. त्याला खिडकी नाही, पण छप्पर असं की दुधासारखा उजेड आत झिरपतो. समोर दुकानासारखं वर सरकणारं शटर. आता त्यात तुमचं घर भरा. पलंग, कपाटं, भांडी, पुस्तकं, सगळं. शटर ओढा, कुलूप लावा. एक माणूस ट्रक घेऊन येईल, चार पायांच्या यंत्राने तो खोका अलगद उचलेल आणि घेऊन जाईल. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या अंगणात तोच खोका पुन्हा तुमच्यापुढे उभा. कुलूप तेच, किल्ली तुमच्याच गळ्यात. उघडलंत. सगळं जागच्या जागी आहे. नाही ती एकच वस्तू, आणि तिच्यासाठीच तर तुम्ही गाव सोडायला तयार झाला होतात.

काही मुलांना रडू आलं असतं. वांडाला आला राग.

वांडा अकरा वर्षांची. तिचं बिऱ्हाड अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावातून डुलुथला आलं होतं. डुलुथ समुद्राएवढ्या तळ्याकाठी आहे आणि तिथले रस्ते असे उभे चढाचे, की तो खोका, म्हणजे कंटेनर, सपाट बसावा म्हणून ट्रकवाल्या डेलला त्याच्या एका बाजूखाली लाकडी ठोकळे सारावे लागले. वांडाच्या आईला, डोरीनला, इथल्या इस्पितळात रात्रपाळीची नोकरी लागली होती. "मी येणार नाही," असं म्हणून वांडा दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मग कॅझमामा तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मी पण येतोय तुमच्यात राहायला. आई कामावर गेली की घरात आपण दोघं. आणि जाजांची कॉन्सर्टिना तुला शिकवणार. बोल, आहे कबूल?"

जाजा म्हणजे वांडाचे आजोबा. ते हिवाळ्यात वारले. कॉन्सर्टिना ही आपल्या हार्मोनियमची चुलत बहीण. मांडीवर घ्यायची, दोन्ही हातांनी ताणायची-दाबायची, आणि दोन्ही बाजूंची बटणं बोटांनी शोधायची. जाजांनी चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात ती वाजवली होती. तेव्हा वांडाने कबूल केलं, आणि ती आली.

त्या शनिवारी सकाळपासून चौघं सामान उतरवत होती. चौथी लोरेटामावशी, आईची आणि मामाची थोरली बहीण. ती तिकडेच राहायची, पण मदतीला म्हणून आपली व्हॅन घेऊन आली होती. दुपारपर्यंत कंटेनर रिकामा होत होत शेवटच्या भिंतीपाशी आला. भिंत म्हणजे सामानाचीच. कॅझमामा अनेक वर्षं चीजच्या कारखान्यात ट्रक भरायचा. त्याची रीत अशी, की सामान आडवं पसरायचं नाही, जमिनीपासून छपरापर्यंत भिंत उभी करायची, तिच्यापुढे दुसरी. सगळ्यांत आतल्या भिंतीपुढे मोठी गादी उभी करून त्याने ती पट्ट्याने आवळली होती. गादी काढली, मागे भिंत जशीच्या तशी.

"वासच कसला येतोय इथे?" आई नाक दाबून म्हणाली. "वांडा, तू सॅंडविच विसरलीस का आत?"

"मी नाही!"

एक खोका निघेना. कॅझमामाने हिसका दिला तेव्हा तो सुटला आणि मागे काहीतरी सपकन खाली पडलं. "इतका घट्ट मी ठोकला नव्हता बुवा," मामा पुटपुटला. पण आता त्याच्या मागची कॉन्सर्टिनाची काळी पेटी दिसत होती, मग खोक्याकडे कोण बघतो! त्याने पेटी छातीशी धरून घरात आणली, नुसत्या फरशीवर ठेवली आणि वांडाला म्हणाला, "बस मांडी घालून. पहिला धडा आत्ताच."

खिट्ट्या उघडल्या. झाकण वर गेलं.

आत वाळूची पिशवी होती.

२

ती लांबोडकी पिशवी सगळ्यांच्या ओळखीची होती. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून तिकडे पिकअपच्या मागच्या भागात हिवाळाभर अशा पिशव्या टाकून ठेवतात. कॅझमामाच्या पिकअपमध्ये चार होत्या. आई तरातरा बाहेर गेली आणि तशीच परत आली.

"तीनच आहेत."

"डोरीन, मी..."

"एक शब्द बोलू नकोस!" आईने फोन उचलून डेलला लावला, आवाज मोठा केला. "तीन आठवडे आमचा कंटेनर तुमच्या आवारात होता. आतली वस्तू गेली आहे. कोणी उघडला?"

"कुलूप कुणाचं होतं, बाई?" पलीकडून डेल गुरगुरला.

"माझं."

"फुटलं होतं?"

"नाही."

"वस्तू कुठे होती? दाराशी?"

"सगळ्यांत आत."

"मग तुमचं अख्खं घर बाहेर काढून, पुन्हा तस्संच भरून, न फुटलेलं कुलूप लावलं मी? बाई, मला तेवढी अक्कल असती तर तुमच्या त्या उभ्या रस्त्यावर ठोकळे सारत बसलो असतो का? चोर म्हणायचं तर आधी विचार करून म्हणा!" फोन आपटला गेला.

डेल रागावला होता, पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आईलाही ते कळलं, आणि तिचा राग फिरून कॅझमामावर आला.

"वांडा, इकडे ये. तीन आठवड्यांपूर्वी, त्या शुक्रवारी भिंत रचली तेव्हा तू तिथे होतीस ना?"

"होते. मामाने रिकाम्या कंटेनरमध्ये बसून वाजवली पण. काय घुमत होती!"

"आणि मग पेटीत ठेवताना? पाहिलंस तू?"

वांडाने पाहिलं नव्हतं. बोटं गारठली म्हणून ती हातमोजे आणायला घरात गेली होती. परत आली तेव्हा पेटी बंद होऊन कपाटावर बसली होती. त्यानंतरचा एकेक खोका मात्र तिने स्वतः मामाच्या हातात दिला होता.

"पाहिलंस की नाही?"

"नाही," वांडा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि त्या क्षणी तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"झालं तर मग! पेटी तू एकट्याने बंद केलीस, पिशवी तुझी, आणि पुढे भिंत. तुझ्याशिवाय कोण असणार? जाजांचं घड्याळ विकलंस तेव्हा मी काय म्हटलं होतं? लहान आहे, सुधारेल! चाळिशीला आलास, कॅझ. आता मला माझ्या पोरीच्या घरात चोर नको. संध्याकाळच्या जेवणाआधी निघायचं."

लोरेटामावशी सिंकपाशी कप विसळत उभी होती. तिने मान वर केली नाही.

कॅझमामाचा चेहरा विटेसारखा लाल झाला, कानसुद्धा. तो उठला आणि आपली बॅग शोधायला गेला.

३

मुलांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतात, रागात डोकं चालत नाही. बऱ्याचदा खरं आहे ते. पण काही राग असे असतात की ते दिव्यासारखे हातात धरून चालता येतं. वांडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी ती एकच गोष्ट घोकत होती: मामा चोर असेल तर ते मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे. नसेल, तर जेवणाच्या आत सगळ्यांना दिसू दे.

कॅझमामा पिकअपमध्ये सामान टाकत होता. नुसता टाकत होता. भिंती रचणारा माणूस बूट, कपडे, कंदील कसेही भिरकावत होता.

"मामा, तूच घेतलीस का?"

तो थबकला. "तू पण?"

"मी विचारतेय. आईने विचारलं पण नाही."

त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "नाही घेतली."

"मग घड्याळ?"

"ते घेतलं होतं. विकलं, पिऊन टाकलं. त्याला बारा वर्षं झाली आणि अजून रोज जेवणात ते घड्याळ वाढतात मला." त्याने एक बूट दाणकन आपटला. "आणि पिशवीचं म्हणशील तर, चोरी करायची आणि पेटीत स्वतःच्या गाडीतली पिशवी ठेवून सही करायची, एवढा मठ्ठ आहे का मी? गाडी उघडी होती अंगणात. कुणीही उचलली असेल."

"मागचा तो खोका का अडकला होता?"

"तेच कळत नाही. माझ्या भिंतीत फट नसते, तसं ठोकून बसवलेलंही काही नसतं. सगळं नुसतं एकमेकांना टेकून असतं. तो मात्र कुणीतरी पाचर मारल्यासारखा..." तो बोलता बोलता थांबला, मग चिडून म्हणाला, "जाऊ दे ना, वांडा! कुणाला ऐकायचंय?"

वांडा आत गेली. आई जिन्याच्या पायरीवर बसली होती, कुलूप अजून हातात.

"आई, त्या शुक्रवारी कुलूप कधी लावलंस?"

"आता तू माझी उलटतपासणी घेणार?"

"हो."

आईने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. "गादी बांधली की लगेच. मग आपण तिघं माझ्या गाडीतून चर्चच्या हॉलवर जेवायला गेलो आणि तिथून लोरेटाकडे झोपायला. पलंग बांधले होते ना. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, उरलेलं सामान भरायला मीच उघडलं. किल्ली माझ्या गळ्यात होती, अंघोळीलासुद्धा."

"शनिवारी गादी हलवली होती कुणी?"

"ती कशाला हलवायची? तिच्यापुढेच सगळं भरलं."

"दुसरी किल्ली कुठे आहे?"

"दुसरी नव्हतीच. कुलूप लोरेटाने आणलं होतं दुकानातून. एकच दिली तिने."

"नव्या कुलपाला एकच किल्ली?"

आई तोंड उघडून काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात बाहेर कंटेनरमधून एक विचित्र आवाज आला, पत्र्यावर नखं ओढल्यासारखा.

४

शेजारची लठ्ठ पिवळी मांजर होती ती. रिकाम्या कंटेनरच्या पार टोकाला, जिथे शेवटची भिंत होती तिथे, ती जमिनीवरचं काहीतरी पंजाने ओरबाडत होती आणि मध्येच चाटत होती. वांडाला पाहून गुरगुरली.

"हो बाजूला! आज सगळेच काय माझ्यावर गुरगुरणार?"

मांजरीच्या पायाखाली चपटा दाबलेला, मेण लावलेला पुठ्ठ्याचा खोका होता. त्याच्यावर निळा मासा छापलेला. एका घडीवर कपाटाच्या कोपऱ्याचा खोल ठसा उमटला होता आणि सगळ्याला असा वास होता की वांडाने बाहीने नाक झाकलं.

असले खोके तिने शेकड्यांनी पाहिले होते. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी तिकडे मांस वर्ज्य, आणि मासा मात्र चालतो. नुसता चालतो कसला, पळतो! अख्खं गाव चर्चच्या हॉलमध्ये जमतं: तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, कोबी, राय धान्याचा पाव. कॅझमामाने त्या शुक्रवारी वांडाच्या शेजारी बसून चार ताटं संपवली होती आणि वर म्हणाला होता, "उपास कडक झाला आज." मासे गोठवलेले येतात, असल्या खोक्यांतून. हॉलच्या स्वयंपाकघरात ते फुटतात आणि घाण वास सुटू नये म्हणून त्याच रात्री कचऱ्यात जातात.

वांडा तो खोका तसाच धरून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आली. पण आत नेला नाही. पायरीखाली लपवला आणि एकटीच आत गेली.

"मावशी, त्या शुक्रवारी तू जेवायला आमच्यात बसली नाहीस."

"स्वयंपाकघर माझ्याकडे असतं, माहीत आहे ना तुला?" लोरेटामावशी आता बटाटे सोलत होती, भराभर, सालीबरोबर अर्धा बटाटा उडवत. "दोनशे माणसं माझ्या हातचं खाऊन गेली. विचार कुणालाही."

"आम्ही तुझ्या घरी गेलो, त्यानंतर खूप वेळाने आलीस."

"कढया काय देवदूत घासतात?"

"हॉलपासून आमचं जुनं घर किती लांब? दोन गल्ल्या ना?"

सुरी थांबली. "हे काय चाललंय, वांडा?"

"काही नाही. मामा जेवणाआधी निघणार आहे ना, म्हणून घाईत विचारतेय." वांडाचा आवाज चिरका झाला. "त्याच्यासाठी पण बटाटे सोलतेयस, की तीनच माणसांचे?"

सुरी पुन्हा चालू झाली, पण बोटाला लागली.

५

इथे क्षणभर थांबा. वांडाला जे दिसलं ते सगळं तुम्हालाही दिसलं आहे. उत्तर येत असेल तर मनात धरून ठेवा. येत नसेल तर एवढंच स्वतःला विचारा: तो माशाचा खोका गादीच्या मागे कधी गेला?

वांडाने कॅझमामाला हाताला धरून, अक्षरशः ओढत, आत आणलं. आईला जिन्यावरून उठवलं, मावशीला स्वयंपाकघरातून बोलावलं. मग तो वासाचा खोका जेवणाच्या टेबलावर टाकला.

"शी! बाहेर फेक ते आधी!" आई ओरडली.

"नाही फेकणार. हा मामाच्या भिंतीत होता, गादीच्या मागे. मागचा खोका याच्यामुळेच अडकला होता. बघ, कपाटाच्या कोपऱ्याचा ठसा. पेटी कपाटावर ठेवल्यानंतरचा एकेक खोका मी मामाला दिला होता. हा मी दिला नाही. तेव्हा हा नव्हताच. हे खोके शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात फुटतात. आणि आपण गादी बांधून, कुलूप लावून, मगच जेवायला गेलो."

आईच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे?"

"म्हणजे कुलूप लावल्यानंतर कुणीतरी ते उघडलं. गादी सोडली. भिंत उतरवली, कॉन्सर्टिना घेतली, पिशवी ठेवली, भिंत पुन्हा रचली. पण मामासारखी रचता येईना. फट राहिली. मग हातातला खोका चपटा करून फटीत कोंबला. मामाला फटीत खोका कोंबायची गरजच पडली नसती!"

"शनिवारी कोंबला असेल त्याने."

"शनिवारी गादी कुणी हलवली नाही, हे तूच म्हणालीस. म्हणजे शुक्रवारची रात्र. त्या संध्याकाळी मामा कुठे होता? माझ्या शेजारी, धिरडी हाणत. नंतर? तुझ्या गाडीत. त्याची पिकअप जुन्या घरी. आणि मावशीच्या घरापासून ते नऊ मैल. रात्री तुझी गाडी घ्यावी तर तिच्या मागे मावशीची व्हॅन आडवी लावलेली. मामा काय बर्फातून उडत गेला?"

आई हळूहळू मावशीकडे वळली. वांडाला आता नाव घ्यायची गरज नव्हती, तरी तिने घेतलं, कारण न घेणं तिला भित्रेपणाचं वाटलं.

"माशाचा खोका ज्याच्या हातात असतो, दोन गल्ल्यांवर ज्याचं स्वयंपाकघर आहे, आम्ही झोपल्यावर जो घरी येतो, आणि कुलूप ज्याने विकत आणलं, ते एकच माणूस आहे. मावशी, दुसरी किल्ली कुठेय?"

लोरेटामावशीने बोटाला गुंडाळलेला कपडा सोडला, पुन्हा गुंडाळला. मग एप्रनच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि टेबलावर, त्या निळ्या माशावर, ठेवली.

६

"व्हॅनमध्ये आहे," ती म्हणाली. "मागच्या सीटखाली. एप्रनमध्ये गुंडाळून. या खोक्यातून न्यायची होती, पण त्या घाण वासात ती ठेवायला हात धजेना."

"का पण?" आई किंचाळली. "मागितली असतीस तर..."

"मागितली असती तर!" मावशी उसळली. तिचा आवाज इतका मोठा असेल हे वांडाला माहीत नव्हतं. "मी सात वर्षांची असल्यापासून मागतेय! 'मुलींची बोटं पीठ मळायला.' आपले बाबा म्हणायचे, आणि तुम्ही सगळी हसायचात. मी टेबलाच्या कडेवर बोटं चालवून शिकले. त्यांची सगळी गाणी येतात मला, सगळी! या कॅझला अर्धी पण येत नाहीत. ते गेले, आणि कुणी विचारलंसुद्धा नाही. कॅझची, म्हणे. कॅझनंतर वांडाची. मी कुठे होते? स्वयंपाकघरात! आज ती परत ठेवायला आणली होती मी, देवाशपथ. पेटी हातात येईल तेव्हा हळूच. पण यानेच आधी उघडली."

"म्हणून मला चोर होऊ दिलंस," कॅझमामा म्हणाला. तो ओरडला नाही, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं.

मावशीचं तोंड वाकडं झालं. ती गर्रकन वळून स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिने दार आपटलं.

"चला," आई म्हणाली. "सापडली ना. संपलं. बॅग आत आण, कॅझ, बटाटे होतील आता."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"वांडाने हा घाणेरडा खोका शोधला म्हणून मी तुझा भाऊ झालो. नसता शोधला तर? तू डेलला एक प्रश्न तरी विचारलास. मला एकही नाही." त्याने टोपी घातली. "मी निघतो. तुला हवं होतं तेच."

तो बाहेर गेला. पिकअपचं इंजिन खोकलं आणि चालू झालं.

वांडाला वाटलं होतं की खरं सांगितलं की सगळं जागेवर येईल, वर सरकवलेल्या शटरसारखं एका झटक्यात. तसं होत नाही, मुलांनो. खरं काय ते कळल्यावर माणसांना बोलावं लागतं, आणि तिथेच मोठ्या माणसांचं घोडं अडतं.

मावशीला राग येण्यासारखं घडलं होतं. वांडाला ते पटलं. कॉन्सर्टिनाला कधी हात लावू न देणं हा अन्याय होता आणि तो कुणीतरी बोलून दाखवायला हवाच होता. पण मामाला घराबाहेर काढत होते तेव्हा मावशी कप विसळत राहिली, हे तिला कशाच्याच खाली झाकता येईना. आणि आई? आईला तर तो अर्धा राग स्वतःवर घ्यायला हवा होता. ती मात्र बटाट्यांचं बोलत होती.

वांडाने आपली उशी उचलली. ती बाहेर पळाली, पिकअपचं दुसरं दार उघडलं, आत चढली आणि पट्टा लावला.

"उतर, वांडा," मामा म्हणाला.

"नाही. मी येतेय. तू म्हणाला होतास, आपण दोघं."

"तुझी आई..."

"तिला बटाटे आहेत!"

आई धावत बाहेर आली होती. थंड वाऱ्यात, पायात नुसते मोजे. तिने वांडाच्या बाजूची काच ठोठावली. वांडाने काच खाली केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"खाली ये, बाळा."

"माझ्याशी नको बोलूस. त्याच्याशी बोल."

आई उभी राहिली. मोजे ओले झाले असतील. मग ती गाडीला वळसा घालून मामाच्या खिडकीशी गेली. तिला दोनदा सुरुवात करावी लागली.

"कॅझ, मी विचारायला हवं होतं. घड्याळाचं... ते घड्याळ आता पुरे. माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

मामाने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"चल," तो वांडाला म्हणाला. "सुटलीस. काढ पट्टा."

वांडाने पट्टा काढला नाही. अजून एका माणसाने मामाशी बोलायचं राहिलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्यामागे एक आकृती उभी होती आणि ती हलत नव्हती. वांडाने मामाच्या अंगावरून हात लांबवला, भोंग्यावर तळवा ठेवला आणि दाबला. आई दचकली, मांजर कुंपणावरून पळाली, चढावरच्या दोन घरांची दारं उघडली. तरी तिने तळवा उचलला नाही, लोरेटामावशी दार उघडून पायऱ्या उतरेपर्यंत.